काटदऱ्यांचा तंबू आणि खारुताईंची वाटी

एका जंगलात, म्हणजे जंगलात कसलं, जंगलाच्या भर बाजारपेठेत, तंबूंचं एक मैदान होतं. बाळांनो, चुळबूळ करू नका. मैदान छोटंच होतं. एका बाजूला माकडांचा भाजीबाजार, दुसऱ्या बाजूला बेडकांचा गाण्याचा क्लास. तिसऱ्या बाजूच्या वडावर इतकी बिऱ्हाडं होती, की कूस बदलायची तरी शेजाऱ्याला विचारावं लागे. मैदानाच्या मालकाने, म्हणजे मुंगसाने, पाटी लावली होती : ‘निसर्गाच्या कुशीत. पाणी फक्त सकाळी येईल.’

एके दिवशी तिथे काटदरे नावाचे एक साळिंदर मुक्कामाला आले. एकटा जीव. जंगलाच्या पार टोकाला त्यांचं बीळ होतं. अलीकडे त्यांचे काटे गळू लागले होते. काटे गेले तर साळिंदराचं उरतं काय? एक मोठा उंदीर. आणि मोठ्या उंदराकडे कोल्हे कसे बघतात, ते तुम्हांला सांगायला नको.

म्हणून काटदरे बाजारपेठेतल्या घुबडशास्त्री वैद्यांकडे गेले होते. शास्त्री दिवसा डोळे मिटून नाडी बघत.

“तुम्हांला शांतता हवी,” शास्त्री म्हणाले. “तंबूत राहा. मोकळी हवा खा. इथेच समोर मैदान आहे, म्हणजे मला रोज बघता येईल.”

आपण राहतो तिथे किती शांतता आहे, हे काटदऱ्यांनी सांगितलं नाही. शास्त्र्यांनी विचारलं नाही. मोठे वैद्य रोग्याला फार विचारत नाहीत.

तंबू उभा राहतो न राहतो, तोच त्याच्या दोरीवर कुणाचा तरी परकर वाळत पडला. मागोमाग वडावरच्या खारुताई उतरल्या.

“नवीन का भाऊजी? एकटेच? वहिनी नाहीत? असू दे. ही आमटी घ्या, गरम आहे तोवर जेवा.”

काटदरे जेवले. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊन त्यांना वर्षं झाली होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वाटी घासली, पुसली, लखलखीत केली आणि खारुताईंना नेऊन दिली.

वाटी रिकामी होती.

आता हे तुम्हांलासुद्धा कळतं, बाळांनो. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते. काही नाही तर चिमूटभर साखर घालावी. पण ज्याला कधी शेजारच नव्हता, त्याला हे कोण शिकवणार?

वडाने अबोला धरला. म्हणजे काटदऱ्यांशी कुणी बोलेना. काटदऱ्यांबद्दल मात्र सगळे बोलू लागले.

“रीतभात म्हणून नाही हो!” खारुताई वरच्या फांदीला म्हणाल्या. “आणि कुणीतरी सांगा त्या तंबूला, दोरी ताणून बांध म्हणावं. माझा परकर मातीला लागतोय.”

“कुणीतरी सांगा त्या फांदीला,” काटदरे खालून ओरडले, “दोरी माझ्या तंबूची आहे म्हणावं!”

“दोरीची मिजास! वाटीत घालायला साखर नव्हती!”

“आमटीत मीठ होतं का, ते विचारा आधी!”

अख्खा वड ‘अगंबाई’ म्हणाला. काटदऱ्यांच्या पाठीवरचे उरलेसुरले काटे सर्रकन उभे राहिले. बिळात ते कधी उभे राहिलेच नव्हते. उभं राहायला समोर कुणीतरी लागतं.

मग रोजचंच झालं. सकाळी परकर, दुपारी मीठ, संध्याकाळी एकमेकांचं कूळ. काटे गळायचे थांबले. पुढे नवे फुटले, चांगले टोकदार.

घुबडशास्त्र्यांनी डोळे मिटून काटदऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोट टोचून घेतलं.

“बघा!” ते बोट चोखत म्हणाले. “हा शांततेचा गुण. आता खुशाल घरी जा.”

काटदरे सामान बांधू लागले. वरून आवाज आला, “काही लोक निघताना सांगतसुद्धा नाहीत. आणि आमटीत मीठ होतं म्हणावं!”

काटदऱ्यांनी हातातलं सामान खाली ठेवलं. बिळात आपल्याला असं कोण बोलणार? ते तसेच मुंगसाकडे गेले.

“मुक्काम वाढवायचा आहे.”

“का हो? अजून बरं वाटत नाही?”

“बरं वाटतंय,” काटदरे म्हणाले. “ते टिकवायचंय.”

बातमी लगेच वडावर पोचली. “अगंबाई, राहताहेत म्हणे! काय मेला डोक्याला ताप!” असं म्हणत खारुताई आमटीला फोडणी घालायला पळाल्या.

तात्पर्य : वैद्याने शांतता सांगितली, तर वैद्याचं ऐकावं आणि भर बाजारात जाऊन राहावं. शेजारणीची वाटी मात्र न चुकता रिकामी परत करावी.