किसनभाऊ आणि वरचे लोक

आमचे शेजारी किसनभाऊ टीव्हीच्या छत्रीला पोतं घालतात. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की शिडी लावायची, पत्र्यावर चढायचं आणि सुतळीनं पोतं करकचून बांधायचं. साठी उलटलेला माणूस! एकदा मी खालून ओरडले, "अहो, ती छत्री फक्त घेते, वर काही पाठवत नाही!" तर म्हणाले, "घेनारं मानूस एक दिवस देतेच, वैनी."

घ्या! यांच्यापुढे काय डोकं फोडायचं?

किसनभाऊ वलगावातले माळी. भाजी पिकवावी, अमरावतीच्या बाजारात न्यावी, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलगा-सून पुण्यात कामाला. पाचवीतली नात ओवी मात्र यांच्याजवळ.

त्यांच्या डोक्यात हे खूळ मीच घातलं. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि शिकवायची खोड घरीही सुटत नाही. एकदा कुंपणाशी बोलता बोलता सांगितलं, की दुसऱ्या ग्रहावरून कुणा शहाण्या जिवाची हाक येते का, म्हणून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं मोठमोठ्या अँटेना लावून ऐकताहेत. अजून काही ऐकू आलं नाही.

"काईच नाई?" किसनभाऊंचा चेहरा उतरला. "मंग खतरा हाये, वैनी. घार फिरून राह्यली का कोंबडीचे पिल्लं कसे चिडीचूप होतात? तिकडचे सारे दम धरून बसले असन. आपनच एकटे हाका मारून राह्यलो."

झालं! दुसऱ्या दिवशी ते पानठेल्यावर तेच सांगत होते. कुणी हसलं. कुणी विचारलं, "त्याईच्यात बी सरपंच असन काय?" पण चार दिवसांत माझ्या वर्गातल्या पोरी अंगणात खेळायला भिऊ लागल्या. एक तर रडतच आली. मग मी किसनभाऊंना त्यांच्या दारात जाऊन फैलावर घेतलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी त्यांना सुनावलं, आणखीही बरंच सुनावलं. आणि खरं सांगू? त्याच संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना माझी नजर वर गेली आणि निम्मे कपडे तसेच सोडून मी घरात पळाले. हे आमच्या घरात अजून कुणाला माहीत नाही.

यंदा शाळेत विज्ञान मेळावा ठरला. अमरावतीचे हौशी रेडिओवाले येणार, पोरांचे आवाज घेणार आणि ते एका ताऱ्याच्या दिशेनं सोडणार. प्रत्येकानं नाव, इयत्ता, गाव सांगायचं.

किसनभाऊ तीनदा माझ्या दारी आले. "ओवीचं नाव काढा, वैनी. हे तं हात दाखवून अवलक्षण हाये."

"आठवडाभर पाठ करतेय ती. हिरमुसेल पोरगी."

"हिरमुसली तं उद्या हसन. नेली तं?"

मला हसू येईना. पण नाव मी काढलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी ते सकाळपासून माइकच्या शेजारी उभे. ओवीचं नाव पुकारलं आणि हे पुढे झाले. अरे बाप्पा, आता हा माणूस वायर तोडतो! मी धावले. पण त्यांनी दोन्ही हातांनी माइक धरला.

"आयका. मी किसन माळी. घर वलगावले, मारुतीच्या देवळामागं. कोनाले बी इचारा, दाखवते. काई काम असन तं पहिले माह्याकडं या. पोराईले काई इचारू नका, त्याईले काई समजत नाई." मग ओवीला म्हणाले, "बोल आता," आणि तडक बाहेर.

रेडिओवाले पोट धरून हसले. मी तणतणत किसनभाऊंच्या मागे गेले.

"काय हो! आजवर सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगत होतात, आणि स्वतः अख्खा पत्ता देऊन आलात?"

त्यांनी दुपट्ट्यानं घाम पुसला. "वैनी, टमाटरच्या काठानं मी झेंडू काहून लावतो? हारासाठी? अळीचं पाखरू पहिले झेंडूवर जाते, तिथंच अंडे घालते. टमाटर वाचते." दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाले, "पोरगी तं आयकत नोयती. मंग कोनीतरी झेंडू व्हाले पायजे ना."

मी विज्ञान शिकवणारी बाई. कुणी येणार नाही, निदान आपल्या हयातीत नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. पण मला रडू आलं.

आतून ओवीचा आवाज आला. नाव, इयत्ता, गाव, अगदी खणखणीत. किसनभाऊ भर उन्हात मैदानाच्या मधोमध आभाळाकडे तोंड करून उभे होते. तिचं बोलणं संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.