पाद्रीबुवांचं कपाट आणि बेहेरेबाई

ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी लावणाऱ्या बाईच तिच्याखाली उभ्या राहून खड्या आवाजात वाचायला लागल्या, तर वाचकांनी जायचं कुठे? आमच्या कल्याणच्या ग्रंथालयात हे रोज दुपारी चालतं. ग्रंथपाल बेहेरेबाई काचेचं कपाट उघडतात, पिवळ्या पडलेल्या पानांची एक चोपडी काढतात आणि कुणा जुन्या पाद्रीबुवांनी मराठीत लिहून ठेवलेला उपदेश सुरू करतात. कुणी कुरकुरलं की म्हणतात, "हे बोलायला लिहिलंय. मुकं ठेवलं तर मरेल. आणि पानं उलटली नाहीत तर चिकटतील. बोला, काय बोलायचंय?"

बाई पक्क्या गणपतीवाल्या. चतुर्थीचा उपास कधी चुकायचा नाही. पण त्या कपाटातल्या उपासनेच्या पोथ्यांना नि उपदेशांना बोट लावायचं तर आधी हात धुवा, पुसा आणि बाईंना दाखवा. मी कार्यकारिणीचा सभासद, तरी मलाही सूट नाही!

पाद्रीबुवांनी समासात स्वतःसाठी खुणा केल्यात: इथे थांबावे, इथे आवाज चढवावा, इथे पाणी प्यावे. बाई त्या तंतोतंत पाळतात. "पाण्याची कायम बोंब असलेल्या दिवा गावात राहणाऱ्या बाईला पाणी प्या म्हणतो, हा माणूस साधासुधा नव्हे," असं वर आम्हालाच ऐकवतात. एकदा ग्रंथालयाच्या सत्यनारायणाला गुरुजींना उशीर झाला. तेवढ्यात बाईंनी नाताळचा उपदेश उरकून घेतला. लोकांनी भक्तिभावाने हात जोडले आणि एका आजींनी प्रसाद मागितला.

मग आले नवे अध्यक्ष. त्यांना अभ्यासिका वाढवायची होती आणि मधे हे कपाट.

"ही रद्दी काढा. आपलं काय आहे त्यात?"

"मराठी आहे ना? मग आपलंच," बाई म्हणाल्या. "हात तर लावून दाखवा!"

सभा बोलावली. बाईंनी कपाटाला टेकून खुर्ची मांडली आणि ठराव यायच्या आत उपदेश सुरू केला. अध्यक्ष "बाई, पुरे" म्हणाले की बाईंचा आवाज चढायचा. तिथे तशी खूणच होती म्हणे. अध्यक्ष आता फुटणार असं वाटलं, तेव्हा बाई थांबल्या आणि सावकाश पाणी प्यायल्या. "पुढच्या सभेत मतदान, आणि दुसऱ्या दिवशी रद्दीवाला," असं ओरडून अध्यक्ष निघून गेले.

सगळे पांगल्यावर मी चिडूनच विचारलं, "बाई, नोकरी जाईल. कशासाठी एवढं?"

त्यांनी चोपडी फडक्यात गुंडाळली. "आमचे हे गेल्यापासून घरात मला हाक मारणारं कुणी नाही हो. मुलाचा फोन येतो, तो गोळ्या घेतल्या का विचारण्यापुरता. आणि हा माणूस बघा, पानापानावर 'प्रियजनहो' म्हणतो." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "मन लावून ऐकायला दुसरं कुणी नसतं. म्हणजे ती हाक मलाच ना?"

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पुढच्या सभेत ठरावाच्या विरोधात पहिला हात माझा. माझं बघून इतरांनीही हात वर केले आणि ठराव पडला. अध्यक्षांनी डोळे वटारले. वटारा म्हटलं, खुशाल वटारा.

दुपारी बाईंनी कपाट उघडलं, तेव्हा मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. "प्रियजनहो," म्हणून त्यांनी मान वर केली, आणि पुढची ओळ काही केल्या त्यांना वाचता येईना.