पॉलिशवाल्या रावसाहेबांची पीसगळतीवरील स्वारी

पक्षी पाळणारे, पक्ष्यांस पिडणारे आणि या दोहोंतला भेद न कळणारे अशा समस्तांस विदित व्हावे, म्हणोन ही हकीकत पदरची भर न घालता लिहिली आहे.

दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे मुलखात राजश्री पॉलिशवाले रावसाहेब नांदत होते. कपाटे-टेबले चमकविण्यात हयात गेली, आणि तेणेकरून जगातील यच्चयावत विद्या आपणांस अवगत जाहली, ऐसा त्यांचा बहुत दृढ समज होता. पदरी एक कॉकटील पक्षी, नाव सरदार, मस्तकी पिवळा तुरा. त्या सरदाराचा तुरा झडला, मग शेपूट झडली, मग पंखांवर पांढरे काटे उगवले. पक्षी जुनी पिसे टाकून नवी धारण करितो, हे पोरासोरांस ठाऊक. रावसाहेबांस मात्र हा उघड फितवा वाटला.

मग मसलत बसली. तीत रावसाहेब बोलले आणि रावसाहेबांनीच मान डोलावली. जुना रंग खरवडल्याविना नवा चढत नाही, सबब काटे उपटावे, ऐसे ठरले. ते काटे म्हणजे कोशात गुंडाळलेली कोवळी पिसे, आत ताजे रक्त खेळते, हे या अकलेच्या खंदकास कोणी सांगावे? चिमट्यानिशी पिंजऱ्यात हात घालून एक काटा ओढला, आणि रक्ताची धार लागली, आणि रावसाहेबांची बोबडी वळली.

ते समयी घरच्या बाईसाहेब धावल्या, जखमेवर पिठाची चिमूट दाबून रक्त थांबेतो उभ्या राहिल्या. सरदार मुठीत थरथरत होता. रावसाहेब दाराआड रडले, हेही लिहिणे भाग आहे. मग बाईसाहेबांचा हुकूम सुटला तो ऐसा :

“तुमचं पॉलिश टेबलाला करा. याला पुन्हा बोट लावलंत तर पिंजरा ताईकडे नेऊन ठेवीन, मग बसा भिंतीशी बोलत.”

रावसाहेबांचे बोलणे ऐकून घेणारा त्या पक्ष्यावाचून दुसरा कोणी उरला नव्हता, त्यामुळे घाव वर्मी बसला.

पुढे बाईसाहेबांनी पिंजऱ्यावर अर्धी चादर टाकली, वाऱ्याची खिडकी लावली, अंडे उकडून कुस्करून ठेविले, नहाण्यास बशीभर पाणी दिले आणि पक्ष्यास निवांत सोडिले. रावसाहेब समोर खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात शिवशिवत, सल्ला ओठांपर्यंत येई, आणि तो गिळून गप्प बसत. ऐसे महिनाभर चालले.

सरदारास नवी पिसे आली. ती दरसाल येतात, यात कोणाचा पराक्रम नाही. परंतु ज्या गृहस्थाने जन्मात एकही धड वस्तू हात लावल्यावाचून सोडिली नव्हती, त्याने महिनाभर काहीएक केले नाही. सबब फत्ते रावसाहेबांचे नावे, बाईसाहेबांचे संमतीने, येथे दाखल केली असे.