दिवाणाच्या पाठीवरचे हसू

शिंप्याने मोबाइल पुढे धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. "बघा साहेब, वहिनी काय गोड हसल्यात!"

साहेब म्हणजे वरच्या मजल्यावरचे पाणीतपासनीस. शहरभरातून बाटल्यांत भरून आलेले पाणी तपासणे हे त्यांचे काम. पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते स्वच्छच असणार, असे मानणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून कीव येई. ते आले होते पँटची उंची कमी करून घ्यायला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

फोटोत त्यांची पत्नी होती. ती अश्वपथकात स्वार होती. मुख्य चौकातल्या सरकारी इमारतीच्या फाटकाशी रोज सकाळी दिवाण नावाच्या काळ्याभोर घोड्यावर ताठ बसणे, ही तिची नेमणूक. ड्यूटीवर बोलायचे नाही, हात हलवायचा नाही, मानही वळवायची नाही, असा पथकाचा दंडक. त्यामुळे येणाराजाणारा प्रत्येक जण तिला इमारतीचाच एक भाग समजून फोटो काढी. कुणी दिवाणाच्या गळ्याला गळा भिडवून काढी, कुणी तान्हे मूल रिकिबीपाशी उचलून धरी. परवानगी कुणीच विचारत नसे. विचारली असती तरी तिला उत्तर देता आले नसते.

या सगळ्याची तपासनिसांना कल्पना होती. कल्पना नव्हती ती त्या हसण्याची. गाल वर चढलेले, ओठांचे कोपरे किंचित उचललेले, डोळे बारीक झालेले.

"कुणी काढला हा?" त्यांनी विचारले.

"कुणास ठाऊक! मेहुण्याकडून आला, त्याला आणखी कुणी पाठवला. पण समोर कोण तरी खास उभं असणार बरं का," शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला. "एरवी माणूस असं हसत नाही."

शिंप्याच्या मनात काही नव्हते. त्याच्या मनात त्या वेळी फक्त दोरा होता. पण पिंपभर पाणी बिघडायला एक थेंब पुरतो, हे तपासनिसांइतके कुणाला ठाऊक असणार? ते तसेच जिना चढून घरी गेले. पँट दुकानातच राहिली.

दुपारी पत्नी घरी आली. तिने शिरस्त्राण काढून खुंटीला लावले, दोन्ही हातांनी जबडा चोळला, बूट ओढून काढले आणि कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून डोळे मिटले. तपासनीस समोरच्या खुर्चीतून निरीक्षण करत होते. हसू नव्हते. हसण्याचा अंशही नव्हता.

"दमलीस?"

"हं."

"आज चौकात काही विशेष?"

"घोडा होता. मी होते. आणखी काय विशेष असणार?"

"नाही, लोक फोटोबिटो काढतात म्हणे."

"काढतात." तिने एक डोळा उघडला. "आज हे काय नवीन? कधी विचारत नाही ते."

तपासनीस खुर्चीतून उठले. रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी मोबाइलवर अनोळखी लोकांनी टाकलेले, पत्नी आणि दिवाण असलेले जेवढे फोटो सापडले तेवढे पाहून टाकले. ढगाळ हवेतले, कडक उन्हातले, समोरून, बाजूने. प्रत्येकात ती हसत होती, आणि प्रत्येकात अगदी तेच हसू.

आता, मोजमापाच्या यंत्राचा काटा काहीही केले तरी एकाच आकड्यावर राहिला, तर आधी काटा अडकला आहे का ते पाहावे, हे तपासनीस प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवत. परंतु मत्सर झालेल्या माणसाला स्वतःची शिकवण आठवत नाही. त्यांच्या नजरेत भरली ती दुसरीच गोष्ट. त्यातल्या कितीतरी फोटोंच्या कोपऱ्यात एक मनुष्य होता. खाकी जाकीट, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा, आणि फरसबंदीवर पोट टेकून घातलेले चक्क लोटांगण.

"तो लांब भिंगवाला रोज येतो का गं?" त्यांनी जेवताना शक्य तितक्या सहजपणे विचारले.

"कोण?"

"पोटावर पडून फोटो काढतो तो."

"अहो, चौकात शंभर जण येतात. मला मान वळवायची सोय आहे का? मी समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत बसते."

"खांबाकडे बघून हसतेस?"

"मी कुठे हसते?" पत्नी म्हणाली आणि तिने भात वाढून घेतला.

इतक्या सरळ चेहऱ्याने नाकारलेली गोष्ट खरीच असणार, असा निष्कर्ष तपासनिसांनी काढला. हा निष्कर्ष कोणत्या नियमाने निघतो, ते त्यांनी स्वतःला विचारले नाही.

पत्नीच्या विश्वात त्यांना नाक खुपसायला जागा तशी थोडीच होती. एकदा शिरस्त्राणाचा पट्टा सैल होतो अशी तिची तक्रार आली, तेव्हा त्यांनी रबरी बुचांना भोके पाडण्याच्या प्रयोगशाळेतल्या अवजाराने त्या पट्ट्याला एक जादा छिद्र पाडून दिले होते. इतके गोल आणि नेटके की तिने ते शेजारणींनाही दाखवले. दुसरे म्हणजे सुटीच्या दिवशी तबेल्यात जाऊन ते दिवाणाला गाजरे चारत. तिथेही एक वाद झालाच होता. "दिवाण तुम्हाला ओळखतो हं," असे पत्नी कौतुकाने म्हणाली आणि तपासनिसांना ते सहन झाले नाही. ते गाजरे पत्र्याच्या एका डब्यातून नेत. त्या डब्याचे झाकण उघडताना 'टक्' असा खणखणीत आवाज होई. त्यांनी कित्येक आठवडे खपून, आधी टक् आणि मग गाजर, असा प्रयोग चालवला. शेवटी एकदा खांबाआड उभे राहून रिकामाच डबा उघडला. दिवाणाने वैरण टाकून मान वळवली.

"पाहिलंस? तो मला ओळखत नाही. डब्याला ओळखतो."

"तुम्हाला ना, कशातही खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही," पत्नी म्हणाली होती, आणि परतताना रस्ताभर बोलली नव्हती.

आता प्रश्न हसण्याचा होता. निरीक्षकाला पाहून निरीक्षणाचा विषय वागणे बदलतो, म्हणून ओळख लपवणे आवश्यक होते. तपासनिसांनी गवती टोपी आणि काळा चष्मा पैदा केला. फोटो काढणाऱ्यांत मिसळायचे तर कॅमेराही हवा. तो शिंप्याकडे होता. शिवलेल्या कपड्यांचे फोटो काढण्यासाठी त्याने घेतला होता.

"जपून न्या हं साहेब. पिशवी फाटलीय त्याची, धूळ लागू देऊ नका. कुणाचा फोटो काढायचाय?"

"पाण्याचा," तपासनीस म्हणाले.

घरी येऊन त्यांनी कॅमेऱ्यासाठी काहीतरी घट्ट झाकणाचे शोधले. एकच वस्तू बरोबर मापाची निघाली. डबा धुऊन, पुसून, तळाशी मऊ फडके घालून त्यांनी कॅमेरा आत ठेवला आणि झाकण दाबून लावले.

दुसऱ्या दिवशी, प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, ते चौकात पोहोचले. पत्नी फाटकाशी होती. आणि ती हसत होती. तेच हसू, गाल वर, डोळे बारीक. लग्नानंतर हिने आपल्याकडे असे शेवटचे कधी पाहिले, ते त्यांना आठवेना. मग त्यांनी तिच्या नाकाच्या सरळ रेषेत नजर नेली. तिथे दिव्याचा खांब होता. आणि खांबाच्या बुडाशी, पोटावर पालथा पडलेला, लांब भिंगवाला.

तपासनीस त्याच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले. "रोज येता वाटतं?"

"रोज," तो मान वर न करता म्हणाला. "काय सौंदर्य आहे हो! नुसतं बघत राहावं."

तपासनिसांनी डबा छातीशी घट्ट धरला. "लग्न झालंय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"झालंय की. दोन मुलं आहेत मला."

"तुमचं नाही हो! दाखवा बघू फोटो."

माणूस भिडस्त असावा, किंवा कुणी रस दाखवला याचाच त्याला आनंद झाला असावा. त्याने उठून कपडे झटकले आणि कॅमेऱ्यामागचा पडदा त्यांच्यापुढे धरला. तपासनीस एकेक फोटो पाहू लागले. दिवाणाचा पुढचा पाय. दिवाणाचा मागचा पाय. दिवाणाचे गुडघे, खूर, छाती. जिथे पत्नी होती तिथे ती कमरेपर्यंतच होती.

"यात हिचं डोकं कुठाय?"

"कुणाचं?"

"स्वाराचं!"

"डोकं काय करायचंय मला? मी लाकडी झुलते घोडे बनवतो. पाय नीट जमत नाहीत, म्हणून बघायला येतो. बाई मध्येमध्ये येते, पण चालतं, मी कापून टाकतो."

"कापून टाकता?" तपासनिसांचा आवाज चढला. आसपासच्या दोघाचौघांनी वळून पाहिले. जो माणूस आपल्या पत्नीकडे पाहतो म्हणून ते कालपासून तळमळत होते, त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, आणि हा अपमान त्यांना पहिल्यापेक्षा जास्त झोंबला. "अहो, इतका हसरा चेहरा समोर आहे आणि तुम्ही गुडघे काढता? काही दृष्टी आहे की नाही? थांबा, कसा फोटो काढायचा ते मीच दाखवतो!"

आणि त्यांनी तावातावाने डब्याचे झाकण उघडले.

टक्.

फाटकाशी दिवाणाचा एक कान वळला. तपासनिसांनी कॅमेरा बाहेर काढला, पण तो सुरू कसा करायचा ते कळेना, म्हणून तो परत डब्यात ठेवून, झाकण लावून, चष्मा पुसला आणि पुन्हा डबा उघडला.

टक्.

यावर दिवाणाने शासकीय सेवेचा विचार सोडून दिला. तो फाटक सोडून निघाला. धावला नाही, दीर्घ रजेवर निघालेल्या अधिकाऱ्यासारखा संथ, निश्चयी पावलांनी चालत आला. पत्नी लगाम खेचत होती. समोर उभी असलेली गर्दी दुभंगली, आणि प्रत्येकाचा मोबाइल वर गेला.

दिवाणाने थेट डब्यात नाक घातले. शिंप्याचा कॅमेरा नखशिखान्त चाटून पाहिला. गाजर नाही असे कळताच त्याने मान उचलली, समोरच्या माणसाला क्षणभर निरखले आणि त्याच्या डोक्यावरची गवती टोपी काढून खायला सुरुवात केली. काळा चष्मा पाठोपाठ खाली पडला.

घोड्यावरून पत्नीने खाली पाहिले. तोंड न हलवता, दातांतून, ती एवढेच म्हणाली, "अहो!"

"बाई, हे तुमच्या ओळखीचे आहेत का?" गर्दीतून कुणीतरी विचारले.

"नाही," पत्नी म्हणाली. ड्यूटीवर तिने काढलेला हा दुसरा शब्द.

तपासनिसांनी टोपीचा उरलेला काठ पकडला. दिवाणाने झटका दिला. त्या झटक्याने पत्नी पुढे झुकली, शिरस्त्राण तिरपे झाले, हनुवटीखालचा पट्टा ताडकन तुटला आणि लोंबू लागला. मग तिची नजर पतीवर पडली. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात टोपीची कड, नाकावर दिवाणाची लाळ. तिचे खांदे हलू लागले. ती हसली, आवाज करून, घोड्याच्या मानेवर डोके टेकून, पथकाचा दंडक पार मोडून हसली.

पथकप्रमुख धावत आले. "कोण आहेत हे गृहस्थ?"

"पाणी तपासतात, सर," पत्नी डोळे पुसत म्हणाली.

"मग घोडा का अडवतात?"

दिवाणाने टोपी संपवली.

दुपारी घरी तिने तुटलेला पट्टा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. तो बरोबर जादा छिद्रापाशी तुटला होता.

"हे तुमचं भोक."

"पण ते तर नेटकं होतं."

"नेटकंच होतं. फक्त दोन बोटं पुढं पाडलंत. तिथे पट्टा लावला की गाल वर सरकायचे. तोंड मिटायचं म्हटलं तरी मिटेना. घरी आल्यावर जबडा चोळत बसायची ती कशाला?"

तपासनिसांनी पट्टा उचलून छिद्र डोळ्यांजवळ नेले. काटा अडकला होता. आणि तो त्यांनी स्वतःच अडकवला होता. "मग सांगितलं का नाहीस?"

"किती हौसेनं केलं होतंत! तुमच्या कामात खोट काढायची म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिले. "आता सांगा, तुम्ही चौकात कशाला आला होतात?"

"पाण्याचे फोटो काढायला," ते म्हणाले. आणि बादलीत कोमट पाणी भरायला स्वतःच उठले.

दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा परत करायला खाली गेले. शिंप्याने तो हातात घेतला, हुंगला, पण काही विचारले नाही, कारण त्याच्यापुढे वर्तमानपत्र उघडे होते. कुण्या अनोळखी माणसाने काढलेला फोटो पहिल्या पानावर होता. दिवाणाच्या तोंडातून लोंबणारे गवत. त्याच्या मानेवर कलंडलेली, पट्टा तुटलेली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी स्वार. तपासनीस कुठेच नव्हते. फोटो काढणाऱ्याने, किंवा छापणाऱ्याने, त्यांना कापून टाकले होते. डावीकडच्या कडेला उरला होता फक्त एक हात, आणि त्या हातात पत्र्याचा डबा.

"हे बघा, साहेब! याला म्हणतात हसणं. तो परवाचा फोटो काहीच नाही याच्यापुढे," शिंपी म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. "समोर कोण उभं असेल हो?"

तपासनिसांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. कडेच्या त्या हाताचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. मग वर्तमानपत्राची घडी घातली, ती काखेत मारली आणि आपली पँट उचलली.

"पुराव्यावरून सांगायचं तर," ते जिन्याकडे वळत म्हणाले, "एक डबा."