दोन पाट्यांचा तोल

स्वतःभोवती फिरत राहणारी वस्तू स्थिर असते, हे विज्ञानाने सिद्ध केले असून कार्यालयांनी ते केव्हाच अमलात आणले आहे. दूरच्या ग्रहाकडे धाडायचे यानही याच तत्त्वावर बेतले होते. मिनिटाला पाच गिरक्या घ्यायच्या आणि अँटेना कायम पृथ्वीकडे रोखायची.

ते डोलू नये, ही जबाबदारी भिंगरीताईंची. (हे नाव खालच्या मजल्याने ठेवलेले. वरच्या मजल्याला त्या अजून माहीत नव्हत्या.) आठ वर्षे त्यांनी यानाच्या दोन्ही बाजू ग्रॅमग्रॅमने तोलल्या. शेवटच्या महिन्यात मोठ्या साहेबांनी एका बाजूला सन्मानपाटी बसवायचे ठरवले. नावे एक्केचाळीस, पैकी यान पाहिलेले चार.

ताईंनी साहेबांना गाठले. “साहेब, एका अंगाला वजन पडलं की यान डोलणार. अँटेना भलतीकडे वळेल, एक फोटो हाती लागायचा नाही.”

“मग दुसऱ्या अंगालाही पाटी लावा. त्यात काय एवढं!”

निर्णय शास्त्रशुद्ध होता, हे मान्य करायला हवे. दुसऱ्या पाटीवर चालक, माळी, चहावाल्या मावशी अशी उरलेली मंडळी आली. पण अक्षरे आरपार कापायची होती. जितक्या पदव्या, तितकी पाटी हलकी. एकट्या साहेबांच्या पदव्यांनी अकरा ग्रॅम धातू खाल्ला. (त्यांच्यामुळे कुणाचा भार हलका झाल्याची ही पहिलीच नोंद.) सबब तोल साधण्यासाठी चालकाला दोन पदव्या आणि मावशींना डॉक्टरेट बहाल करण्यात आली.

“मी डॉक्टर?” मावशी म्हणाल्या. “होते बापडी. पण मग चहा कोण करणार?”

हे कळताच पहिल्या पाटीवरच्यांनी आणखी पदव्या मिळवल्या. मग दुसऱ्यांना द्याव्या लागल्या. ताई दर सोमवारी दोन्ही पाट्या तराजूवर ठेवत आणि कपाळाला हात लावत. चौथ्या सोमवारी मात्र त्या चक्क हसल्या. पाट्यांत कापायला धातूच उरला नव्हता. राहिल्या दोन रिकाम्या चौकटी, वजनाने तंतोतंत सारख्या. साहेबांच्या हस्ते त्या समारंभपूर्वक बसवण्यात आल्या.

यान तसूभरही डोलले नाही. पहिला फोटो आला तेव्हा ताई सगळ्यांदेखत रडल्या, आणि डॉक्टर मावशींनी स्वतः चहा केला.

फोटो छापून आल्यावर जनतेची सव्वा लाख पत्रे आली. त्यांतली तीन ग्रहाबद्दल होती. बाकी सगळे पुढच्या यानावर नाव घालण्यासाठीचे अर्ज. तुमचाही मिळाला, पदव्यांच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून तुम्ही जोडलेल्या पुरवणीसकट.