आंधी पाय, मंग वय

शेंडेकाकांच्या दाराची बेल वाजवली की दोन पावलं मागे सरकावं. दार उघडताक्षणी त्यांची डावी मूठ उजव्या खांद्यावरून सपकन खाली येते. त्यात आजवर एक कुरियरवाला, दुधाच्या दोन पिशव्या आणि माझा चष्मा सापडला आहे. "पहिली हालचाल रोकायचीच असते बाप्पा," असं म्हणून ते मग नम्रपणे कमरेत वाकतात.

जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. तळमजल्यावर वर्ध्याचे शेंडेकाका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. वर, गच्चीच्या बरोबर खाली, विमा कंपनीतला मी.

काका कराटे करतात. त्यातही मारामारी नाही, फक्त काता. म्हणजे समोर कुणी नसताना, चारी दिशांच्या न दिसणाऱ्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने लढायचं. 'अंकलजी छत पर रोज कथा करते हैं' असं कानावर आल्यामुळे शर्माभाभी एकदा प्रसादासाठी वाटी घेऊन वर आल्या आणि काकांची आरोळी ऐकून वाटी तिथेच टाकून खाली पळाल्या.

लोक वीस-पंचवीस काता शिकतात. काका तरुणपणापासून एकच करतात. नवशिक्यांची, एकवीस हालचालींची. दुसरी कधी, असं विचारलं की म्हणतात, "हेच नाई झाली अजून." ही काता जिथे सुरू होते तिथेच संपली पाहिजे. काका खडूने फुली काढून तिच्यावर उभे राहायचे आणि शेवटी दर वेळी वीतभर चुकायचे.

"आंधी पाय, मंग वय" हे त्यांचं पालुपद. कित्येक महिने मला वाटत होतं, काका पायांच्या आणि वयाच्या दुखण्याबद्दल बोलतायत. शेवटी काकूंनीच हसत उलगडा केला: आधी पाहा, मग वळ. "सिग्नलातून आणलं त्याइनं ते!" काकू तीन जिने चढून यायच्या, गच्चीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसून मेथी निवडायच्या आणि हालचाली मोजायच्या. "सतरा! ओरडा आता!" की काका ओरडायचे.

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी माझ्या डोक्यावर होणारी काकांच्या पायांची धडधड बंद व्हावी म्हणून सोसायटीला निनावी तक्रार मी केली होती. हिंदीत, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. गच्चीला कुलूप लागलं. काका कुणाला काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातल्या चार फरशांवर काता करू लागले.

तळमजल्यावर ऊन येत नाही. त्या थंडीत काकूंनी अंथरूण धरलं आणि होळीच्या आधी त्या गेल्या. चिठ्ठीमुळे गेल्या नाहीत, हे मलाही कळतं. पण त्यांच्या वाट्याचं शेवटचं ऊन मी कुलपात घातलं होतं.

महिन्याभराने मी सेक्रेटरी शेखावतजींना सांगितलं, तक्रार माझी होती, परत घेतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. "तो अब आप भी कथा करेंगे?"

त्यांच्याकडून गच्चीची किल्ली घेऊन काकांची बेल वाजवली. मागे सरकलो नाही. मूठ मनगटावर बसली. चांगलीच लागली.

"काका, ती चिठ्ठी माझी होती."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बोर्डावर लावली होती ना. 'हमें बहुत त्रास होता है.' अरे, इकडं लोकाइले परेशानी होते, तकलीफ होते. त्रास या बिल्डिंगीत दोनच घराइले होते. अन् म्या तं लिहिली नाई."

हात बदलला होता मी. शब्द बदलायचा राहिला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"निंगालोच होतो वर. मूठ वयली होती. तुयी काकू म्हणे, मराठीत बोलाले इथं एकच घर हाय. थे बी तोडता काय?"

काकांनी माझ्या हातातली किल्ली घेतली, खडू घेतला आणि जिन्याकडे वळले. वळण्याआधी, अर्थातच, पाहिलं.

गच्चीत खुर्ची होती तिथेच होती. तिच्यावर धूळ बसली होती. काकांनी फुली काढली. "बस. मोज."

मी धुळीतच बसलो आणि मोजू लागलो. सतरावर काका मूठ पुढे रोखून थांबले, ते थांबलेच. दम लागला असेल असं वाटलं. ते माझ्याकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं.

"ओरडा आता!"

काका ओरडले. टाकीवरची सगळी कबुतरं उडाली.

शेवटच्या चार हालचालींत मुठी उघडतात. काका उघड्या हातांनी फुलीकडे आले. वीतभर कमी पडले. त्यांनी फुलीकडे पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा तिच्यावर जाऊन उभे राहिले आणि मान वाकवली.

मी परत एकपासून मोजायला लागलो.