शेंगदाण्यांचं सर्किट

गायधनी सरांसमोर "फ्रिज फार करंट खातो" असं म्हणायचं नाही. मी एकदा जिन्यात म्हणालो. सर दुधाची पिशवी घेऊन वर चालले होते, ते पायऱ्या उतरून परत माझ्यापाशी आले.

"आहेर, नीट बोला. खात काही नाही. जेवढे इलेक्ट्रॉन आत गेले, तेवढेच बाहेर आले. ऊर्जा तिथे ठेवून आले, एवढंच."

पिशवी गळकी होती. माझ्या चपलेवर दूध ठिबकत होतं, पण विषय पुरा होईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत सर माझ्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले, तरी वर्ग काही सुटला नाही. इस्त्रीवाला, वॉचमन, भाजीवाली, सगळ्यांना शिकवून झालंय. घरी वायरमन आला तर आधी चहा, मग धडा आणि मग काम. त्यामुळे वायरमन हल्ली सरांचा फोन लवकर उचलत नाही.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, लिफ्ट सगळा करंट खाऊन टाकते. सर उठून उभे राहिले. आम्ही माना खाली घातल्या. पण ते चिडले नाहीत. रविवारी सकाळी सगळ्यांनी पार्किंगमध्ये जमावं, एकदाच काय ते दाखवून टाकतो, एवढंच म्हणाले.

रविवारी खाली गेलो तर सरांनी घरातलं टेबल आणून मांडलेलं. त्यावर शेंगदाण्यांची पिशवी. हा सेल, आणि आम्ही इलेक्ट्रॉन. टेबलाशी मूठभर शेंगदाणे घ्यायचे, खडूच्या रेघेवरून पार्किंगला फेरी मारायची, पलीकडे बल्बला शेंगदाणे द्यायचे आणि रिकाम्या हातांनी टेबलाशी परत यायचं.

बल्ब म्हणून खुर्चीवर माई बसल्या होत्या. तळमजल्यावरच्या. दिवाळीनंतर त्यांचे यजमान, अण्णा गेले, तेव्हापासून त्या दाराबाहेर आल्या नव्हत्या. सरांनी त्यांना जाऊन सांगितलं होतं, की मला न हलणारं माणूस हवंय, बाकीचे सगळे चुळबुळे आहेत. शाल गुंडाळून, मांडीवर परात घेऊन त्या अवघडून बसल्या होत्या.

त्यांच्या दोन्ही बाजूंना सरांनी स्कूटर इतक्या जवळ लावल्या होत्या, की तिथून धक्के खातच जावं लागे. बल्बच्या बारीक तारेत असंच होतं, सर सांगत होते. इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंवर आदळतात, ऊर्जा तिथे जाते, तार तापते, उजेड पडतो. आणि फेरी सुरू होण्याआधीच त्यांनी सगळ्या रेघेवर माणसं उभी केली होती, बल्बच्या अलीकडे असलेल्यांच्या मुठीत शेंगदाणे देऊन. तार आधीपासूनच भरलेली असते. बटण दाबलं की सगळे एकदम सरकतात, म्हणून दिवा लगेच लागतो. इलेक्ट्रॉन स्वतः गोगलगाईहून हळू चालतो.

सरांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही निघालो.

पहिल्या फेरीत सगळे परातीत शेंगदाणे टाकून मुकाट्याने पुढे गेले. दुसऱ्या फेरीत कुणी विचारलं, माई, गुडघे कसे आहेत? कुणी स्कूटरला अडखळून थेट त्यांच्या खुर्चीवरच आलं. मग लोक तिथे रेंगाळायला लागले. मागून सरांची शिट्टी वाजत होती, पण कुणी मनावर घेत नव्हतं. माई आधी नुसती मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, शेंगदाणे कच्चेच आणलेत, भाजायला काय झालं होतं? पुढे अण्णांची गोष्ट निघाली, त्यांना रोज शेंगदाण्याचा लाडू कसा लागायचाच त्याची, आणि ती सांगताना माई हसल्या. डोळे पुसत हसल्या.

पिशवी रिकामी झाली. सर म्हणाले, सेल संपतो म्हणजे हेच. शेंगदाणे संपले, माणसं आहेत तेवढीच आहेत. पण ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सगळे माईंभोवती होते. त्या परात घेऊन उठल्या, भाजून कूट करते म्हणाल्या, आणि दोघीतिघी त्यांच्यामागून घरात गेल्या.

मी सरांना टेबल उचलायला हात दिला. जिना चढताना विचारलं, बल्बला माईच का?

सर वळणावर थांबले. टेबल कठड्याला टेकवलं.

"आमची ही गेली तेव्हा तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती," ते म्हणाले. "चौदाव्या दिवशी मी सकाळपासून दार उघडं ठेवून बसलो होतो."

आम्ही टेबल वर नेलं, आत नेऊन भिंतीशी लावलं. सर म्हणाले, आता निघा, घरी वाट बघत असतील.

मी खुर्ची ओढून बसलो.

सर स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला.

"आहेर," त्यांनी आतून विचारलं, "साखर किती घेता?"